चष्म्याचं प्रस्थान

आमच्या ओळखीत ज्यांचे म्हणून आईवडील उन्हाळ्यात इंग्लंडला येतात, ते स्वित्झर्लंड बघून परत जातात. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण इतकं काटेकोर पाळलं जातं की लिहायची गरजही नाही. साडीवर लोकरीचा कोट घातलेली आई, माकडटोपीतले वडील, पायाखाली बर्फ आणि मागे कुठला तरी डोंगर, असा एक फोटो आमच्या स्टॅनमोरमधल्या, म्हणजे लंडनच्या या उपनगरातल्या, प्रत्येक मराठी घराच्या दिवाणखान्यात असतो. ज्या घरात तो नसतो त्या घरातल्या मुलाबद्दल लोक वाईट बोलत नाहीत. फक्त विषय बदलतात.

माझ्या घरात तो फोटो नव्हता.

आता मी मुळातच अपराधी वाटून घेण्यात तरबेज माणूस. मला कारण लागत नाही, कारण मागाहून सापडतं. ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, कुणी माझ्या पायावर पाय दिला तर सॉरी मीच म्हणतो. इंग्लंडमध्ये हे खपून जातं, किंबहुना यालाच इथे चांगलं वळण म्हणतात, त्यामुळे इतकी वर्षं माझा आजार कुणाच्या लक्षात आला नाही. पण त्या उन्हाळ्यात आई आणि अण्णा आमच्याकडे येऊन दोन महिने होत आले होते आणि तोवर त्यांनी इंग्लंडमध्ये काय पाहिलं होतं, तर आमचं मागचं अंगण, दर बुधवारी येणारी कौन्सिलची कचऱ्याची गाडी, आणि शनिवारी सुपरमार्केट. अण्णांना सुपरमार्केटातलं स्वतः बिल करायचं यंत्र आवडलं होतं. ते त्याच्यापुढे हात मागे बांधून बराच वेळ उभे राहत. मुलाकडे परदेशी येऊन बापानं यंत्रापुढे उभं राहावं, ही माझी कर्तबगारी.

तेव्हा एका रविवारी जेवताना मी, अंगात वारं शिरल्यासारखा, म्हणालो, "अण्णा, आता तुम्हीच सांगा कुठे जायचं. स्वित्झर्लंड, पॅरिस, काय म्हणाल ते."

अण्णांनी भाताचा घास गिळला. मग विचारलं, "पोलंड किती लांब आहे रे इथून?"

माझी बायको पाणी पीत होती. तिला ठसका लागला.

अण्णा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलवर विज्ञान आणि भूगोल शिकवत. दरवर्षी आठवीच्या वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावून ते काळोख करत, मधल्या स्टुलावर कंदील ठेवत, आणि पोरांना हातात चेंडू देऊन त्याच्याभोवती फिरायला लावत. कंदील म्हणजे सूर्य, तो जागचा हलायचा नाही. हलायचं ते आपण. वर्गात ज्या माणसाची तसबीर होती तो माणूस त्यांचा खरा देव, म्हणजे अण्णा देव मानत नसले तरी. कुठल्याशा मासिकातून कापून काचेत बसवलेली ती तसबीर पुढे वाळवीनं खाल्ली. मी इथे त्याचं नाव घेत नाही. सूर्य मध्ये आणि पृथ्वी त्याच्याभोवती, असं पहिल्यांदा हिशेबासकट कुणी मांडलं हे शाळेत ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल, आणि ज्यांनी तो धडा ऑप्शनला टाकला त्यांना नाव सांगूनही उपयोग नाही. तो जन्मला ते गाव पोलंडमध्ये, विस्तुला नदीच्या काठी आहे. तोरुन.

"ते घर अजून आहे म्हणतात," अण्णा म्हणाले. "बघता आलं तर बघावं. नाही तर राहू दे."

आयुष्यात या माणसानं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. आणि मागितलं तेही शेवटी 'नाही तर राहू दे' असं शेपूट लावून. असं मागितलेलं न देणारा मुलगा कुठल्या नरकात जातो हे आमच्याकडे सांगितलेलं नाही, पण त्याची व्यवस्था वेगळी असणार.

त्या वर्षांत निम्मं पोलंड लंडनमध्ये येऊन राहिलेलं होतं. आमच्या बाथरूमच्या फरश्या बसवायला येणारा कारागीरही तिथलाच. त्याला मी आमचा बेत सांगितला, तर हातातलं थापी-सिमेंट खाली ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. "मी तिथनं इथं आलो," तो म्हणाला, "आणि तुम्ही पैसे देऊन इथनं तिथं?"

व्हिसा झाले, शनिवारचं स्वस्तातलं विमान मिळालं. रविवारचा अख्खा दिवस गावात, सोमवारी परत. बायकोला रजा नव्हती. मी सगळं इतकं व्यवस्थित केलं होतं की काहीतरी राहिलंय असं मला सारखं वाटत होतं. ते काय, हे आईनं सांगितलं. स्वयंपाकघरात तिनं देशातून आणलेलं कॅलेंडर टांगलं होतं, त्याच्यापुढे उभी राहून ती म्हणाली,

"शनिवारी अमावस्या आहे."

"आई, तिकिटं बदलत नाहीत ती."

"मी कुठे काय म्हणतेय? तुम्ही शिकलेली माणसं. अमावस्या, त्यात शनिवार, त्यात विमान, त्यात नदीचं गाव. जाऊ की."

"इथे अमावस्या कदाचित वेगळ्या वेळी लागत असेल," मी अण्णांकडे बघत म्हणालो. वाटलं, आता तरी विज्ञान मदतीला येईल.

अण्णा पेपर नाकाला लावून वाचत होते. त्यांचा लांबचा नंबर असा जबर होता की चष्मा काढला की हाताच्या पलीकडचं जग म्हणजे नुसता उजेड आणि अंधार. पण वाचताना मात्र चष्मा नको. पेपराआडून ते म्हणाले, "चंद्र एकच आहे. स्टॅनमोरला वेगळा दिलेला नाही." आणि पान उलटलं. शाळेतलं विज्ञान घराच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचं, या धोरणावर त्यांनी चाळीस वर्षं संसार केला होता.

मग तोडगा आईनंच काढला. "प्रस्थान ठेवू," ती म्हणाली.

हल्लीच्या वाचकांना हे सांगावं लागेल. निघायचा दिवस वाईट असला, तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू पिशवीत घालून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. म्हणजे त्या चांगल्या दिवशीच आपण निघालो, असं धरतात. मग वाईट दिवशी घराबाहेर पडलो तरी ते निघणं नव्हे, ते नुसतं पुढे जाणं. जाताना पिशवी उचलायची. ती मधेच घरात परत आणायची नाही. नियतीला गंडवण्याची इतकी सोपी युक्ती ज्या संस्कृतीनं काढली, तिला बाकी गोष्टी इतक्या अवघड का करून ठेवाव्याशा वाटल्या, कुणास ठाऊक.

गुरुवार चांगला निघाला. आईनं लाल कापडी पिशवीत मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि अण्णांचा एक धुतलेला शर्ट ठेवला. मग थोडा विचार करून अण्णांपुढे हात केला. "चष्मा द्या."

"चष्मा कशाला?"

"नुसत्या शर्टानं काय होतंय? ज्याच्यावाचून प्रवास व्हायचा नाही असं काहीतरी ठेवावं लागतं. नाहीतर ते नाटक होतं. आणि दोन दिवस तुम्हाला कुठे लांबचं बघायचंय? भिंतीच आहेत."

अण्णांनी नाकावरचा चष्मा काढून दिला. त्यांच्या नाकावर दोन्ही बाजूंना लाल खळगे होते आणि चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम कुणाचा तरी आजोबा वाटत होता. एरवी तो मला फक्त मास्तरांचा वाटायचा.

पिशवी शेजारच्या बाईंकडे द्यायची होती. बाई सत्तरीच्या, इंग्लिश, एकट्या, गुलाब लावणाऱ्या, चर्चच्या कामात बुडालेल्या. आई म्हणाली, मी येते, मी समजावते. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण तेवढ्यानं ती कधी अडली नव्हती. मीच म्हणालो, नको, मी जाऊन येतो.

आणि त्यांच्या दारात उभा राहिल्यावर माझं काय झालं ते सांगतो. मी बँकांच्या जोखमीची सॉफ्टवेअरं करणारा माणूस. बाईंनी मला नेहमी "तुम्ही लोक किती हुशार असता" असं म्हटलेलं. आता त्यांना सांगायचं, की उद्या-परवा चंद्र दिसणार नाही म्हणून माझ्या वडिलांचा चष्मा आज तुमच्या घरी प्रवासाला निघालाय? मी पिशवी पुढे केली आणि म्हणालो, "काही नाही, थोड्या वस्तू आहेत. आम्हाला घरात नको आहेत. तुमच्याकडे ठेवून घ्याल तर बरं होईल."

बाईंनी पिशवीत डोकावलं. शर्ट बघितला, तांदूळ बघितले, चष्मा बघितला. "हाऊ लव्हली!" त्या म्हणाल्या. इंग्लिश माणसं हे हवेपासून हर्नियाच्या ऑपरेशनपर्यंत सगळ्याला म्हणतात, म्हणून मी निर्धास्त घरी आलो.

शनिवारी सकाळी मिनीकॅब दारात उभी. आई नवी साडी, त्यावर कार्डिगन आणि पायात माझ्या मुलीचे जुने ट्रेनर्स अशा वेशात फाटकाशी. अण्णा माझ्या दंडाला धरून. शेजारच्या बाई गुलाबाच्या फांद्या छाटत होत्या. मी कुंपणावरून हसून म्हणालो, "ती आमची पिशवी..."

"ओ, ती कधीच पोचली, डिअर!" बाईंचा चेहरा उजळला. "शर्ट मी चॅरिटी शॉपला दिला, अगदी छान शर्ट होता. तांदूळ चिमण्यांना घातले. आणि चष्मा ब्रॉडवेवरच्या चष्म्याच्या दुकानातल्या पेटीत टाकला. तिथे जुने चष्मे गोळा करतात. काल त्यांची गाडी येऊन घेऊन गेली. कुठे पाठवतात माहितीय? गरिबांना! इंडियाला वगैरे!"

मी अण्णांच्या नाकावरच्या खळग्यांकडे बघितलं.

"तुम्हीच म्हणालात ना, घरात नको आहेत म्हणून?" बाई जरा घाबरल्या.

अण्णांचं इंग्रजी पुस्तकी असलं तरी पक्कं होतं. माझ्या दंडावरचा त्यांचा हात तसाच होता, सैलही झाला नाही आणि आवळलाही नाही. मी आईला मराठीत सांगितलं.

आईनं कार्डिगनचं बटण लावलं. मग म्हणाली, "म्हणजे चष्मा इंडियाला निघाला?"

"हो."

"मग प्रस्थान काही खोटं नाही झालं."

कॅबवाल्यानं हॉर्न दिला. विमान बदलत नव्हतं, नवा चष्मा करायला वेळ नव्हता, जुना जास्तीचा चष्मा साताऱ्यात कपाटात होता. मी म्हणालो, "अण्णा, जाणं रद्द करू. पुन्हा कधीतरी..."

"पुन्हा कधी?" अण्णा म्हणाले. ते रागानं म्हणाले नाहीत, सरळ प्रश्न म्हणून विचारलं त्यांनी, आणि उत्तर त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. "चल. तू बघ आणि मला सांग."

बायको दारातून म्हणाली, "नीट जा. आणि तुमच्या घराण्याचं आणखी काही कुणाला देऊन टाकू नकोस."

अशा रीतीनं, ज्या माणसाला जन्मभर एक घर डोळ्यांनी बघायचं होतं, त्याला मी ते घर कानांनी दाखवायला निघालो.

तोरुनचं स्टेशन नदीच्या अलीकडे आणि गाव पलीकडे. संध्याकाळ होती, उन्हाळ्यातली लांबलेली. बस पुलावर आली आणि समोर ते गाव असं उलगडलं की बसमधली माणसंही, जी रोज बघत असतील, खिडकीकडे वळली. अण्णा खिडकीशी बसले होते. त्यांनी डोळे बारीक केले.

"काहीतरी तांबडं दिसतंय. काय आहे?"

"गाव आहे," मी म्हणालो.

"ते कळलं."

"विटांचं आहे. जुनं. चर्च आहे एक. मोठं आहे."

"मोठं म्हणजे कशाएवढं?"

मी विचार केला. "खूप मोठं."

"निबंधात असं लिहिलं असतंस तर मी निम्मे गुण कापले असते," अण्णा म्हणाले. "नदी कुठल्या दिशेला वाहतेय?"

मला सांगता येईना. नदी दोन्हीकडे सारखीच दिसत होती. मी दहा-बारा वर्षं परदेशात राहिलो, अनेक गावं पाहिली, म्हणजे त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढले, आणि बस पूल ओलांडून गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कधी काही पाहिलेलंच नाही. त्या पश्चात्तापाला तरी निदान सवड हवी होती, पण तेवढ्यात आमचा स्टॉप आला.

तिकडे आई खूश होती. तिला सगळं नीट दिसत होतं. तिचाही नंबर लांबचाच, अण्णांइतका नाही पण बऱ्यापैकी. तिच्या चष्म्याची काडी सोनेरी होती आणि त्याला मोत्यांची साखळी होती, हरवू नये म्हणून. "अहो, काय सुंदर जाळ्या आहेत खिडक्यांना," ती म्हणे. अण्णा मान डोलावत. ती वर्णन करत नव्हती, कौतुक करत होती. त्यातून दिसत काहीच नव्हतं.

त्या गावाची मधाची मसालेदार बिस्किटं प्रसिद्ध आहेत, गल्ल्यांतून त्यांचाच वास येत असतो. त्या एका बाबतीत माझी गरज नव्हती. अण्णांनी एक तुकडा तोंडात घोळवला आणि म्हणाले, "दालचिनी, लवंग, आलं. हा सगळा आपल्याकडचा माल. मसाला येऊन पोचला, माणसं आत्ता आली."

रविवारी सकाळी आम्ही राहत होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी एक गोष्ट केली ती सांगायला हवी. आम्ही निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि आईला चहाचा थर्मास विसरल्याचं आठवलं. परत गेलो. आई थर्मास घेऊन निघणार, तर मालकीणबाई दारात आडव्या. भाषा कुणाचीच कुणाला येईना. बाईंनी आईचा खांदा धरून तिला खुर्चीवर बसवलं आणि बोटांवर मोजायला लावलं, एक, दोन, तीन. आई मराठीत मोजत होती, त्या पोलिशमध्ये. दहा झाल्यावर उठायची परवानगी मिळाली. विसरलेल्या वस्तूसाठी घरात परत आलं तर असं बसून मग निघायचं असतं, नाहीतर काम होत नाही, एवढं त्या हातवाऱ्यांतून समजलं.

"बघ," आई बाहेर पडल्यावर मला म्हणाली. "त्या बाईला कुठे लाज वाटली?"

मी थर्मास घेतला.

आणि मग तो मनोरा. गावाच्या जुन्या तटाला एक मनोरा आहे, तो कलला आहे. चांगलाच. गावात अशी समजूत आहे की त्याच्या भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून, हात पुढे करून जो उभा राहू शकतो तो निष्पाप. पापी माणूस पुढे पडतो. बाहेर ही रांग. तरुण मुलंमुली एकमेकांना ढकलत, पडत, खिदळत होती. मला त्या रांगेत उभं राहायची काही गरज नव्हती, निकाल मला पाठ होता. पण आई म्हणाली, "बघ तरी उभा राहून."

मी थर्मास आईकडे दिला, टाचा टेकवल्या, हात पुढे केले आणि भिंतीनं मला जवळजवळ फेकूनच दिलं. मागच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"पडला," आई म्हणाली.

"का पडला?"

मी समजूत सांगितली. निष्पाप वगैरे. म्हणालो, "बरोबरच आहे, अण्णा. मी त्या बाईंना नीट सांगितलं असतं तर..."

"मूर्ख आहेस," अण्णा म्हणाले. ते पुढे गेले आणि दोन्ही तळवे त्या विटांवर ठेवले. खालपासून वरपर्यंत चाचपत गेले, जिथवर हात पुरला तिथवर. आणि त्यांचा चेहरा बदलला. मी तो चेहरा काळोख्या वर्गात कंदिलाच्या उजेडात पाहिला होता, कारण आठवीत त्यांच्या वर्गात मीही होतो. "ही बाहेर कललीय. म्हणजे पाठ टेकवलीस की तुझा गुरुत्वमध्य पायांच्या पुढे जातो. कुणीही पडणार. पापाचा काय संबंध? पुन्हा उभा राहा."

"अण्णा, लोक बघताहेत."

"बघू देत. त्यांनाही कळेल. उभा राहा. आता पड."

मी पडलो. अण्णा मागच्या मुलींना पुस्तकी इंग्रजीत गुरुत्वमध्य समजावू लागले. अण्णांना त्यांची तोंडं दिसत नव्हती, आवाज आला की तिकडे वळायचे. "पुन्हा," ते मला म्हणाले. "या वेळी टाचा थोड्या पुढे." मी विज्ञानासाठी कितीदा पडलो ते आठवत नाही. पण त्यातल्या एकाही वेळी मला अपराधी वाटलं नाही, नुसते गुडघे दुखले. हा अनुभव मला नवा होता.

तिथून ते घर अगदी जवळ होतं.

एका अरुंद गल्लीत, दोन जुनी विटांची घरं एकमेकांना खेटून. उंच, निमुळती, वर टोकाला गेलेली. अण्णा समोर उभे राहिले. आई आणि मी दोन पावलं मागे सरलो. मुलगी दाखवायला बाहेर आणतात तेव्हा बाकीचे मागे सरतात, तसं काहीसं. त्यांनी डोळे ताणले, मग बारीक केले, मग एक डोळा मिटून दुसऱ्यानं बघितलं. मी बघत होतो आणि मला कळत होतं की त्यांना एक तांबडा डाग दिसतोय.

"सांग," ते म्हणाले.

मी सुरुवात केली. विटा म्हणालो, खिडक्या म्हणालो, टोकदार कमानी म्हणालो. वरती पांढऱ्या नक्षीचे पट्टे आहेत म्हणालो. मी खरोखर जीव तोडून सांगत होतो. कुठल्याही दारात मी कधी इतकं सांगितलं नसेल. आणि तरी माझ्या तोंडून जे बाहेर येत होतं ते कुठल्याही घराचं वर्णन होतं. अण्णा ऐकत होते, हो हो म्हणत होते, आणि मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बरं. छान आहे. चला आता."

त्यांचं ते "नाही तर राहू दे" पुन्हा आलं होतं, फक्त न बोलता.

आई इतका वेळ थर्मास सांभाळत उभी होती. तिनं थर्मास माझ्या हातात कोंबला, गळ्यातल्या साखळीसकट स्वतःचा चष्मा काढला, आणि अण्णांच्या नाकावर चढवला. साखळी कानांमागून नीट सोडली. हे तिनं ऐन गल्लीत, लोकांसमोर केलं. आमच्या घरात चाळीस वर्षांत तिनं त्यांना लोकांसमोर पाण्याचा तांब्यासुद्धा हातात दिला नव्हता, जवळ ठेवत असे.

"बघा," ती म्हणाली.

"अगं, आणि तुला?"

"मला काय बघायचंय त्यात? तुम्ही सांगा."

नंबर थोडा कमी होता, पण पुरला. अण्णा वर बघत राहिले, सोनेरी काडीतून, दोन्ही गालांवर मोत्यांची साखळी झुलवत. त्या घराचं आता संग्रहालय केलंय, आम्ही तिकिटं काढून आत शिरलो. अण्णा बोलायला लागले ते थांबले नाहीत. आतल्या काळोख्या खोल्या, कुरकुरणारे लाकडी जिने, काचेतली जुनी यंत्रं, गोलात गोल अडकवलेली ती पितळी उपकरणं, सगळं ते आईला सांगत होते. आई त्यांच्या कोपराला धरून, कुठे पाय टाकायचा ते विचारत चालली होती. मी मागून थर्मास घेऊन. माझी कुणालाच गरज नव्हती.

बाहेर चौकात त्या माणसाचा पुतळा आहे. हातात गोल, दुसरा हात वर आकाशाकडे. त्याच्या पायाशी बसून आम्ही चहा प्यायलो. अण्णांनी थर्मासचं झाकण मध्ये ठेवलं आणि आईला सांगायला लागले, "हा समज सूर्य..."

"हा जागचा हलायचा नाही," आई म्हणाली. "हलायचं ते आपण. मग पोरगं म्हणजे पृथ्वी, ते चंद्राचा चेंडू हातात घेऊन फिरतं, अर्धा चेंडू उजेडात, अर्धा अंधारात. अंधाराकडची बाजू आपल्याकडे आली की अमावस्या."

अण्णांनी साखळी सरकवून तिच्याकडे बघितलं.

"आपण शाळेच्या आवारात राहायचो तेव्हा माझं स्वयंपाकघर तुमच्या वर्गाच्या भिंतीला लागून होतं," आई म्हणाली. "दरवर्षी ऐकायचे. भाकऱ्या करता करता पाठ झालाय धडा."

"सगळं कळतं तुला," अण्णा म्हणाले, "आणि तरी माझा चष्मा पिशवीत घातलास?"

"तो चेंडू कुठे का फिरेना. तुम्ही विमानात बसणार होतात. माझं एवढंच होतं."

अण्णांनी झाकणात चहा ओतला आणि आधी तिला दिला.

सप्टेंबरात ते दोघं देशात परत निघाले. निघायचा दिवस अर्थातच वाईट होता. आईनं पुन्हा पिशवी भरली, या वेळी त्यात बिस्किटांचा डबा गेला, चष्मा नाही. अण्णांचा नवा चष्मा नाकावर होता आणि तो घालून ते माझ्याबरोबर शेजारच्या बाईंच्या दारापर्यंत आले. "तू सांग," म्हणाले. "मी ऐकतो." मी बाईंना चंद्रापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. बाईंनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि विचारलं, "हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत, डिअर?" मागून अण्णा मराठीत म्हणाले, "हे मीही विचारणार होतो. पण जाऊ दे. आज पास."

आमच्या दिवाणखान्यात आता एक फोटो आहे. त्यात बर्फ नाही. एका चौकात एक वृद्ध गृहस्थ बायकी सोनेरी चष्मा लावून वर बघतायत, शेजारी त्यांच्या कोपराला धरून एक बाई भलत्याच दिशेला, बहुधा पोस्ट ऑफिसकडे, बघून प्रसन्न हसतेय. घरी येणारे विचारतात, हे काय, कुठलं? मग मी सांगतो. विटा किती तांबड्या, चर्च कशाएवढं, नदी कुठल्या दिशेला वाहते, सगळं. थोड्या वेळानं ते विषय बदलतात.